मद्यगृहात जा, मंडई सापडेल : प्रस्तावना

मद्यगृहात जा, मंडई सापडेल. (३)

रस्त्यात कुणी असे म्हणाले असते तर आपण आधी त्याच्याच तोंडाचा वास घेतला असता. कोड्यात मात्र हे वाक्य शब्दशः खरे आहे. मद्यगृह म्हणजे बार. त्या 'बार'च्या आत 'जा' घाला: बा-जा-र. मंडई सापडली. कंसातला ३ हा उत्तराच्या अक्षरांचा आकडा. वाक्यातला एकही शब्द फुकट गेलेला नाही आणि एकही शब्द खोटे बोललेला नाही. 'जा' ही आज्ञा आहे असे आपणच धरून चाललो, ते नुसते अक्षर होते.

आपल्या वर्तमानपत्रांत रोज येते ते शब्दकोडे या जातीचे नव्हे. तिथे 'कमळ (३)' एवढेच विचारतात. उत्तर पंकज, सरोज, नलिन, अंबुज, राजीव यांपैकी काहीही असू शकते. उभा शब्द येऊन छेदेपर्यंत ते ठरत नाही. शब्दसंग्रहाची उजळणी म्हणून ठीक आहे, पण विचारणाऱ्याने त्यात केले काय, तर कोश उघडला. गूढ शब्दकोड्यातला क्लू उत्तर दोनदा सांगतो, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या जुळणीने. अर्थाचा भाग वाक्याच्या सुरुवातीला तरी असतो नाहीतर शेवटी, अधेमधे नाही. उरलेले शब्द जुळणीची कृती सांगतात. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळाल्या की उत्तर बरोबर आहे का, हे कुणाला विचारावे लागत नाही, दुसऱ्या दिवशीच्या अंकाचीही वाट पाहावी लागत नाही. 'बाजार' अंदाजाने लिहिणारा आणि 'बार'मध्ये 'जा' घालून लिहिणारा, दोघांच्या चौकटी सारख्याच भरतात. पण पहिल्याने कोडे सोडवलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या पुस्तकात उत्तरांपेक्षा उकलींना जास्त पाने दिली आहेत ती त्यामुळेच.

हा भेद किती जुना आणि किती महाग पडलेला आहे हे पाहायचे तर मुंबई राज्याचा एक खटला आठवावा लागतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसाची शब्दकोडी हा आपल्याकडे मोठा धंदा होता. बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड' नावाची स्पर्धा चालायची, आणि ते साप्ताहिक मुंबई राज्यात भरपूर खपायचे. प्रवेश फी भरा, चौकटी भरा, बक्षीस जिंका. मुंबई सरकारने १९४८ चा लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवरचा कायदा १९५२ मध्ये दुरुस्त करून परराज्यातून येणाऱ्या अशा स्पर्धांवरही कर बसवला. चालक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली, पण ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि ही स्पर्धा म्हणजे जुगारच आहे असे ठरवले. केंद्राने १९५५ मध्ये केलेल्या कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला १००० रुपयांची मर्यादा त्याआधीच घातली होती.

जुगार का? कारण बक्षीस मिळायचे ते चालकांनी आधीच तयार करून संपादकाकडे ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले तर. एका क्लूला दोन शब्द सारखेच चपखल बसत असतील तर त्यातला कोणता लिफाफ्यात आहे, हे ओळखायला भाषेचे ज्ञान काय कामाचे? न्यायमूर्तींनी पाहिला तो कायद्याचा प्रश्न. कोडे रचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो क्लूचा दोष आहे: उत्तर पटवून देणारे काहीच त्या क्लूत नव्हते. ज्या कोड्याची उकल देता येत नाही, ते सोडतीच्या तिकिटापेक्षा फारसे वेगळे नसते.

शब्दकोड्याचा जन्म तसा अमेरिकेतला. मूळ लिव्हरपूलच्या आर्थर विन याने 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. त्यातले क्लू साधे, सरळ अर्थाचे होते. १९२४ मध्ये ही साथ अटलांटिक ओलांडून इंग्लंडला पोचली. लंडनच्या 'टाइम्स'ने त्याच वर्षी अमेरिकेच्या या वेडाला नाके मुरडली आणि १ फेब्रुवारी १९३० पासून स्वतःच कोडे सुरू केले. ते रचायला बसवले एड्रियन बेल या तरुण लेखकाला, ज्याने तोवर एकही शब्दकोडे सोडवलेले नव्हते. इंग्रजांच्या हातात कोडे पडल्यावर वाकड्यात शिरले, ते आजपर्यंत सरळ झालेले नाही. 'एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ' एवढी आठ अक्षरे लिहून पाच अक्षरी उत्तर मागायचे, आणि उत्तर काय, तर 'वॉटर'! एच टू ओ. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा क्लू समजावून सांगता येतो आणि सांगितल्यावर तो हसतोच.

वाकडेपणाचा कळस केला तो एडवर्ड पॉइस मॅथर्स याने. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून तो 'तोर्केमादा' या नावाने कोडी रचायचा. हे नाव स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या मुख्य छळाधिकाऱ्याचे. वाचकांशी काय करायचे आहे ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले. १९३४ मध्ये त्याने 'केन्स जॉबोन' ही रहस्यकथा काढली. तिची १०० पाने मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापलेली होती, वाचकाने क्रम लावायचा आणि मग खुनी शोधायचे. पण आपल्याला त्याच्याबद्दल जवळीक वाटावी याचे कारण निराळेच आहे. हाच माणूस 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' या नावाने बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'चा इंग्रजी अवतार करणारा. बिल्हण काश्मीरचा, पण त्याने नाव काढले ते कल्याणीच्या चालुक्य दरबारात, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, लातूर-सोलापूरच्या वेशीबाहेर. संस्कृत कवितेत रमलेला माणूस इंग्रजी शब्दकोड्याला त्याचे सर्वांत अवघड रूप देतो, यात मला नवल वाटत नाही. श्लेष, यमक आणि चित्रबंध यांवर पोसलेल्या काव्याची गोडी लागली की अक्षरांकडे निव्वळ अर्थाचे हमाल म्हणून पाहणे जमत नाही.

मॅथर्स १९३९ मध्ये गेला. त्याच्या जागी आला डेरिक सॉमरसेट मॅकनट, ग्रीक-लॅटिनचा शिक्षक. त्याने टोपणनाव घेतले 'झिमेनीस', हाही धर्मन्यायालयातलाच. (त्याच्यानंतर १९७२ मध्ये आलेल्या जोनाथन क्राउदर याने 'देझा' या तिसऱ्या अधिकाऱ्याचे नाव उलटे करून 'अझेद' म्हणवून घेतले. टोपणनावसुद्धा सरळ ठेवायचे नाही.) झिमेनीसने कोड्यांना शिस्त लावली. तोवर तोर्केमादाच्या क्लूंमध्ये बुद्धीची चमक भरपूर असायची, पण सोडवणाऱ्याला न्याय मिळेलच याची हमी नसायची. १९६६ च्या आपल्या पुस्तकात झिमेनीसने जे मांडले त्याचा मथितार्थ असा: क्लूत नेमका अर्थ असावा, जुळणीची प्रामाणिक कृती असावी, आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे. त्याच्या आधी 'अफ्रित' या टोपणनावाने लिहिणाऱ्या रिची यांनी तेच आणखी मार्मिकपणे सांगितले होते: रचणाऱ्याने वाचकाला चकवावे, पण नंतर वाक्य उलगडून पाहिले तर त्याचा प्रत्येक शब्द आपल्या जागी खरा ठरला पाहिजे. यालाच इंग्रजीत न्याय्य क्लू म्हणतात. चकवणे मान्य, खोटे बोलणे अमान्य.

या क्षेत्रातल्या युद्धकथा सगळे सांगतात, म्हणून मी त्या थोडक्यात आटोपतो. 'डेली टेलिग्राफ'ने जानेवारी १९४२ मध्ये १२ मिनिटांत कोडे सोडवण्याची पैज लावली आणि त्यातून काही जणांना पुढे ब्लेचली पार्कच्या सांकेतिक लिपी फोडणाऱ्या केंद्रात बोलावणे गेले. मे १९४४ मध्ये त्याच पत्राच्या कोड्यांत 'यूटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' अशी नॉर्मंडीच्या स्वारीतली गुप्त नावे एकामागून एक उत्तरे म्हणून उमटली, आणि कोडी रचणाऱ्या लेनर्ड डॉ या मुख्याध्यापकांच्या दारी गुप्तहेर खात्याची माणसे उभी राहिली. डॉ निर्दोष होते.

मला त्यांच्यापेक्षा जवळचा वाटतो तो जॉन ग्रॅहम. हा पाद्री 'गार्डियन'मध्ये 'अरॉकेरिया' नावाने कोडी रचायचा. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्याच्या कोड्यासोबत एक छोटी टीप आली. तिच्यात काही शब्दांच्या जागी कोड्यातले क्रमांक होते. ते क्रमांक भरत गेलेल्यांना कळले, की अरॉकेरियाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. बातमी सांगण्याची ही रीत कुणाला विचित्र वाटेल. पण जी माणसे वर्षानुवर्षे त्याच्या वाक्यांशी झटापट करत होती त्यांना ती त्याच्याच भाषेत, त्यांनी स्वतः उलगडून वाचलेली, अशी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला.

भारतात ही विद्या इंग्रजी दैनिकांतून आली. सुरुवातीला विलायती कोडीच पुन्हा छापली जायची. आता 'हिंदू'सारख्या पत्रात भारतीय सेटर रोज कोडे रचतात. मराठीत असे क्लू अधूनमधून दिसतात, पण रोजचे म्हणून रुजले ते साधे कोडेच. अत्रे आणि पु. ल. यांच्या कोट्यांवर वाढलेल्या वाचकाला शब्दांचे खेळ कळत नाहीत असे कोण म्हणेल? अडचण रुचीची नाही, कारागिरीची आहे. इंग्रजीचे नियम आहेत तसे उचलून मराठीत बसवता येत नाहीत. आपल्या लिपीचा आणि व्याकरणाचा पिंड वेगळा.

पहिला झगडा मात्रेचा. हा क्लू पाहा: 'बिघडलेला नवरा म्हणजे माकड (३)'. उत्तर वानर. 'नवरा'तली न, व, र ही व्यंजने आणि एक काना, 'वानर'मध्येही तेवढेच. फक्त काना 'रा'वरून उठून 'वा'वर जाऊन बसला. क्लू ऐकवला की बैठकीत हशा होतोच, आणि सगळ्यात मोठ्याने नवरेच हसतात. पण हे न्याय्य आहे का? आपण चौकटीत लिहितो ते अक्षर, मात्रेसकट. 'रा' हे एक घर आहे. त्यातून काना उपटून दुसऱ्या घरात लावायचा, तर मग जोडाक्षरेही फोडता येतील, रफारही उडवता येईल आणि सोडवणाऱ्याच्या हाती काही धड राहणार नाही. उलट बाजूचे म्हणणे असे, की मात्रा सुटी केली नाही तर अक्षरांची उलथापालथ करून होणारे शब्द मराठीत फारच थोडे सापडतात. तेही खरे आहे. मी पहिल्या पक्षाचा. या पुस्तकात अक्षर मात्रेसकट एक मानले आहे, आणि नवऱ्याला प्रस्तावनेतच जागा मिळाली आहे.

नियम पाळूनही उलथापालथ साधते. 'फुटलेला दगड, रंगाने दाट (३)': द, ग, ड यांची जागा बदलली की गडद. 'कमल विस्कटले, लेखणी झाली (३)': कलम. इथे एक पथ्य मात्र कडक आहे. ज्या अक्षरांची मोडतोड करायची ती क्लूत जशीच्या तशी दिसली पाहिजेत. 'विस्कटलेले पंकज' असे लिहून सोडवणाऱ्याने आधी 'पंकज'चे 'कमल' करावे आणि मग त्याचे 'कलम', अशी अपेक्षा धरणे हा छळ आहे. इंग्रजीतही ते गैर मानतात, आणि आपल्याकडे तर मागे अमरकोश उभा आहे. कमळाच्या कुठल्या नावाची मोडतोड करायची म्हणून वाचक किती दारे ठोठावेल? शब्द नुसता उलटायचा असेल तर गोष्ट वेगळी. 'नफा उलटला तरी चांगला (२)' यात नफ्याचा 'लाभ' करून तो उलटा वाचायचा: भला. उलटण्याला एकच वाट असते, म्हणून तिथे पर्यायी शब्द चालतो.

शब्दाला शब्द जोडून होणारे क्लू मराठीत सुरेख उतरतात. सामासिक शब्दांनी गजबजलेली भाषा, तिला सांधे भरपूर. 'मदन थंड पडला, मजूर झाला (४)': काम अधिक गार, कामगार. 'मास्तरांपाठोपाठ मोटार, की आले शासन (४)': सर आणि कार. 'पाठोपाठ' इथे मुद्दाम वापरला आहे. 'मागे' आणि 'पुढे' हे शब्द मी क्लूत सहसा घेत नाही. 'मागे एकदा' म्हणजे आधी, आणि रांगेत 'मागे उभा' म्हणजे नंतर. असल्या शब्दाने जुळणीचा क्रम सांगितला की वाद ठरलेला. कापाकापीसाठी मात्र भाषेने आयती हत्यारे दिली आहेत: बिनडोक, शेपूटतुटका, पोट नसलेला. 'माकडाचे डोके उडवले की पुरुष (२)' याची उकल मी देत नाही. वर वानर येऊन गेला आहे.

विभक्ती ही दुसरी अडचण. इंग्रजी शब्द वाक्यात कुठेही ठेवा, तो सहसा तसाच राहतो. आपला शब्द प्रत्यय लागताच रूप बदलतो. 'दगड' हा मोडतोडीचा मसाला असेल तर 'दगडाचा' लिहून चालणार नाही, कारण 'डा' हे आता वेगळे अक्षर झाले. म्हणून मोडायचा, उलटायचा किंवा लपवायचा शब्द प्रथमेत ठेवावा लागतो आणि प्रत्ययाचा भार बाकीच्या शब्दांनी वाहायचा. त्यातून वाक्ये तुटक होतात. 'उलटी वाहणारी नदी, बिचारी (२)' यात क्रियापदच नाही, ते याच कारणाने. (उत्तर: दीन.) लिंग तर सरळ चुगली करते. इंग्रजी विशेषणावरून उत्तर पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे कळत नाही. मराठीत 'चांगला' म्हटल्याबरोबर अर्धे पर्याय गळतात. सोडवणाऱ्याला ही फुकटची मदत आहे. ती त्याने घ्यावी.

एका बाबतीत आपण सपशेल गरीब आहोत. इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंगे दोन, असे शब्द ढिगाने. त्यावर तिथे क्लूंचा एक अख्खा वर्ग चालतो. आपण बोलतो तसे लिहितो, त्यामुळे ते दुकान बंद. सवड मिळते ती ऱ्हस्व-दीर्घात. 'ऐकायला दिवस, पाहायला गरीब (२)'. उत्तर पुन्हा दीनच, पण उकल वेगळी. पहिल्या क्लूत नदी उलटली होती, इथे 'दिन'ची वेलांटी फिरली. उत्तरांची यादी पाठ करून या कोड्यांत कुणी तरबेज होत नाही, याचा एवढा पुरावा मला पुरतो.

लपवलेल्या शब्दाचा एक नमुना जवळून पाहू. 'मालकाचा करडा आवाज, आत दडलेला नोकर (३)'. वाक्य वाचताना डोळ्यापुढे चाळीतला किंवा वाड्यातला एक प्रसंग उभा राहतो. मालक गरजतो आहे, गडी दाराआड उभा आहे. हे चित्रच शत्रू. ते पुसून नुसती अक्षरे वाचा: मा-ल-का-चा-क-र-डा. 'का'नंतरची तीन उचला. चाकर. 'आत दडलेला' हे शब्द कृती सांगतात, 'नोकर' हा अर्थ. मग 'आवाज' कशाला? लपवण्याच्या कामी त्याचा काडीचा उपयोग नाही. झिमेनीसपंथी कडक मंडळी त्याला भरताड म्हणतील आणि 'मालकाचा करडा' एवढ्यावरच क्लू थांबवायला सांगतील. मी तो ठेवला, कारण तो काढला की चित्र मोडते आणि चित्र मोडले की चकवाही गेला. उकल लिहिताना असे शब्द झाकून नेऊ नयेत; त्यांचे काम काय आणि ते का ठेवले, हे सांगावे.

दोन अर्थांवर चालणारा क्लू दिसायला सर्वांत सोपा आणि साधायला सर्वांत अवघड. त्यात कृती सांगणारा शब्दच नसतो, दोन अर्थ नुसते शेजारी बसवायचे. 'सीतेला हवे होते तेच तिचे झाले (३)'. कीर्तनातला तो भोळा श्रोता आठवा: रात्रभर रामायण ऐकून सकाळी बुवांना विचारतो, सीतेचे हरण झाले ते कळले, पण तिची परत सीता कधी झाली? त्याच विनोदावर हा क्लू उभा आहे. मारीचाचे सोनेरी हरण तिला हवे होते. रावणाने केले ते तिचे हरण. दोन्ही नपुंसकलिंगी, म्हणून 'हवे' आणि 'झाले' कुठे अडखळत नाहीत. असे क्लू घडवून होत नाहीत. भाषेत ते पडलेले असतात, पायाला लागावे लागतात.

आपल्याकडच्या पूर्वजांचे नाव घेतल्याशिवाय मराठी प्रस्तावना पुरी होत नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे १६ प्रकार सांगितले. गणपतीची लेखणी थोपवायला व्यासांनी कूटश्लोक घातले ही कथा घरोघरी आहे. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) नाना बंधने घालून घेऊन रामायणे लिहिली. त्यांतल्या 'निरोष्ठ रामायणा'त ओठ मिटवणारी अक्षरे वर्ज्य, म्हणजे 'म' वर्ज्य, म्हणजे 'राम' हे नावच घ्यायचे नाही! अक्षरांवरची ही हुकमत पाहिली की कुठलाही विलायती सेटर टोपी काढेल. पण यांना शब्दकोड्याचे बाप म्हणण्याची घाई मी करणार नाही. आजीचे उखाणे-हुमाणे वस्तूचे वर्णन लपवतात, मोरोपंत आपली कसरत उघड मिरवतात, कूटश्लोक वाचकाला अडवतो. वाचकाने स्वतःच तपासून पाहावे म्हणून उत्तर दोन वाटांनी देण्याची सोय यांपैकी कशातच नाही. ती इंग्रजांची देणगी आहे आणि ती तशी मान्य करायला काय हरकत आहे?

आता सोडवायचे कसे, तर एक क्लू हाती घ्या: 'सामानाला लागून जखमेची खूण, कोकणातले बंदर (४)'. वरच्या अर्थाकडे पाहू नका. सामानाला जखम होत नसते, तिथेच संशय यावा. दोन्ही टोकांपैकी उत्तराचा अर्थ कुठे असेल? 'सामान' की 'कोकणातले बंदर'? बंदर जास्त नेमके. चार अक्षरी बंदरे बोटांवर मोजा: जयगड, देवगड, मालवण. आता दुसरी वाट. जखमेची खूण म्हणजे व्रण, आणि घरात बोलतो तो 'वण'. मालवणचा शेवट जुळला. उरला 'माल', आणि माल म्हणजे सामान. 'लागून' या शब्दाने दोघांना शेजारी बसवले. आता चौकटीत पेनाने लिहा, शिसपेन नको. ज्याला 'वण' आधी सुचला तो उलट्या दिशेने आला असता आणि त्याच ठिकाणी पोचला असता. नवशिका बहुधा अर्थाकडून सुरुवात करतो आणि जुळणी मागाहून पटवतो; सराव झाला की जुळणीतून उत्तर निघते आणि अर्थ शिक्का मारायला येतो.

मराठी शब्द अक्षरांत मोजले की आखूड भरतात. शिवाय आडव्या-उभ्याच्या छेदावर मात्रेसकट तेच अक्षर यावे लागते. 'क'च्या घरात 'का' चालत नाही. म्हणून इथल्या चौकटी इंग्रजीच्या १५ बाय १५ पेक्षा लहान आहेत आणि काळी घरे जरा जास्त आहेत. आखणीत याहून सफाई आणता येईल का, हे पुढे कुणीतरी करून दाखवावे. मला क्लू खरे ठेवण्यात जास्त रस होता.

उकली मागच्या पानांवर एका ठरावीक रीतीने दिल्या आहेत. आधी क्लूतला अर्थाचा भाग, मग जुळणीचे तुकडे ज्या शब्दांतून आले ते शब्द, मग कृती सांगणारा शब्द, आणि उरलेला एखादा शब्द असेल तर तो का उरला ते. या क्रमाने वाचत गेलात तर बहुतेक ठिकाणी उत्तर छापलेल्या ओळीपर्यंत पोचण्याआधीच तुमच्या तोंडून निघेल. क्लूच्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लावून तुम्हाला माझ्या उत्तरापेक्षा निराळे उत्तर मिळाले, आणि तुमची उकल कुठेही लंगडत नसेल, तर तुमचेही उत्तर बरोबर धरावे. अशा वेळी सदोष आहे तो माझा क्लू, आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलला जाईल.